३ ते ६ वर्षांच्या मुलांसोबत भिंतभर वसंत करायचाय, हातभार लावा

रानफूल:
नमस्कार मंडळी. आमच्या बालवर्गात ३ ते ६ वयाची १४ मुलं आहेत. वसंत ऋतूसाठी एक आख्खी भिंत फुलांनी भरायची आहे. भिंत साधारण १० फूट रुंद, मुलांच्या रोजच्या येण्याजाण्याच्या वाटेवरची.

गेल्या वर्षीही केली होती. दिसायला फार देखणी झाली, लोक थांबून बघायचे. पण पाकळ्या मी आणि माझ्या सहकारी मैत्रिणीने आधीच कापून ठेवल्या होत्या. मुलांनी त्या दिलेल्या जागी चिकटवल्या. ज्या वाकड्या लागल्या त्या मुलं घरी गेल्यावर आम्हीच काढून सरळ लावल्या. आठवड्याभराने चार वर्षांची एक मुलगी भिंतीसमोर उभी राहिली आणि तिने मला विचारलं, "यातलं माझं कोणतं?" मला सांगता आलं नाही. तिलाही ओळखता आलं नाही. तेव्हापासून तो प्रश्न मनातून जात नाही.

यंदा सगळं काम मुलांच्या हातचंच हवं आहे. पण एकत्र लावल्यावर नुसता पसारा दिसला तर? ज्यांनी असं केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. कागद कोणता, गम कोणता, कोणत्या वयाला काय जमतं, सगळंच.

मधुमालती:
रानफूल, तुम्ही हे इतकं मोकळेपणाने लिहिलंत ते फार आवडलं. लहान वर्गांना शिकवणाऱ्या आम्हा बहुतेकांकडून हे कधी ना कधी झालेलं असतं.

माझा अनुभव असा की पसारा मुलांच्या फुलांमुळे दिसत नाही, मागचा कागद आणि फांद्या आधी पक्क्या न केल्यामुळे दिसतो. म्हणून मी कामाची सरळ वाटणी करते. मागचा कागद, फांद्या, देठांची दिशा, कोणत्या भागात कोणता रंग हे मोठ्यांकडे. फुलं पूर्णपणे मुलांकडे, आणि एकदा लागलेल्या फुलाला हात लावायचा नाही. फांदी डौलदार असली की तिच्यावर कसंही फूल शोभतं. झाडावरची सगळी फुलं तरी कुठे एकसारखी असतात?

रंगांचं एक सांगते, याने निम्मं काम होतं. एका दिवशी एकाच कुटुंबातले रंग मुलांपुढे ठेवा. एक दिवस पिवळा, केशरी, लाल. दुसऱ्या दिवशी गुलाबी, जांभळा, निळा. मुलं रंग एकमेकांत मिसळणारच, आणि या जोड्या कशाही मिसळल्या तरी सुंदरच दिसतात. पिवळा आणि जांभळा शेजारी ठेवलात की दहा मिनिटांत ताटलीत मातकट तपकिरी रंग तयार. मग मूल हिरमुसतं आणि आपल्याला वाटतं त्याला जमत नाही.

आता वयाप्रमाणे. हे काटेकोर नाही, मुलं मागेपुढे असतात.

तीनच्या आसपासच्यांना फाडणं, चुरगळणं आणि ठसे. फाडण्याला कमी लेखू नका. दोन्ही हात उलट दिशेने चालवावे लागतात, बोटांना उत्तम व्यायाम होतो. जुनं वर्तमानपत्र एका बाजूने सरळ फाटतं आणि दुसऱ्या बाजूने वेडंवाकडं, कारण कागदातले तंतू एका दिशेला असतात. हे मुलांना फाडून बघू द्या, त्यातच एक सकाळ आनंदात जाते. फाटलेल्या कडेची पाकळी कात्रीच्या पाकळीपेक्षा मऊ आणि जिवंत दिसते.

साडेतीन-चारला कात्री हातात येते, पण वळण जमत नाही. त्यांना बोटभर रुंद पट्टी द्या, म्हणजे कात्री एकदा मिटली की तुकडा पडतो. पट्टी जाडसर कागदाची हवी, पातळ कागद पात्यांमध्ये दुमडतो. जरा रुंद पट्टीला एका कडेने झालर कापायला सांगा आणि ती गुंडाळा, फुलाचा मध्य तयार.

पाचच्या पुढच्यांना गोल कापता येतो. त्यांना एकच गोष्ट सांगा: कात्री तशीच ठेव, कागद फिरव. मग त्या गोलावर गोगलगाईच्या शंखासारखी आत जाणारी रेघ काढायची, रेघेवरून कापायचं आणि बाहेरच्या टोकापासून गुंडाळत आणायचं. मधला उरलेला गोल तळाला चिकटवला की गुलाब. हा गुलाब पहिल्यांदा जमल्यावर मुलांचे डोळे बघण्यासारखे होतात.

आणि हो, डावखुरं मूल असेल तर त्याला डावखुरी कात्री मिळायलाच हवी. साध्या कात्रीत त्याला कापायची रेघ पात्याखाली झाकलेली दिसते. तो हात वेडावाकडा करून कापतो आणि आपण उगाच त्याला टोकत राहतो.

निळीशाई:
मधुमालती, +१. मी मागच्या कागदाबद्दल लिहिते.

पांढऱ्या किंवा फिक्या निळ्या कागदावर मुलांची फुलं विरून जातात. गडद कागद घ्या. काळा, गडद निळा, गडद हिरवा. लोकांना काळा म्हटलं की मुलांसाठी नको वाटतो, पण एकदा लावून बघा.

मला हे कळलं ते मेरी डेलनी यांच्या कामावरून. इंग्लंडमधल्या या बाईंचा जन्म १७०० सालचा. वयाच्या ७२व्या वर्षी त्यांनी रंगीत कागद कापून, बारीक तुकडे एकावर एक चिकटवून फुलांची चित्रं करायला सुरुवात केली आणि पुढच्या दहा वर्षांत ९८५ चित्रं केली. दृष्टी साथ देईना तेव्हाच थांबल्या. ती चित्रं आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. प्रत्येक फुलामागे त्यांनी काळी पार्श्वभूमी ठेवली, त्यामुळे पाकळीची कड न् कड उठून दिसते. मुलांच्या फाटक्या, वाकड्या कडांनाही तोच न्याय मिळतो.

दुसरी युक्ती फ्रेंच चित्रकार आँरी मातीस यांची. आयुष्याच्या शेवटच्या दशकात आजारपणामुळे त्यांना उभं राहून रंगवणं कठीण झालं. मग मदतनीस आधी मोठमोठे कागद एकेका रंगात रंगवून ठेवायचे, मातीस त्यातून थेट कात्रीने आकार कापायचे आणि ते भिंतीवर टाचून, हलवून, पुन्हा लावून बघायचे. मुलांसोबत हेच दोन दिवसांत करता येतं. पहिल्या दिवशी फूल वगैरे काही नाही, फक्त मोठे कागद रंगवायचे. ब्रश, स्पंज, हात, जे हवं ते. दुसऱ्या दिवशी तेच वाळलेले कागद फाडायचे किंवा कापायचे. विकतच्या एकरंगी कागदात नसलेली खोली त्या रंगात येते. शिवाय आपण रंगवलेला कागद मूल लांबूनही ओळखतं. रानफूल, तुमच्या "माझं कोणतं" या प्रश्नाला याने बरंच उत्तर मिळेल असं मला मनापासून वाटतं.

पुठ्ठा:
चिकटवण्याबद्दल कोणी बोलत नाहीये म्हणून मी लिहितो. भिंती खराब होतात, मग पुढच्या वर्षी कुणी परवानगी देत नाही, आणि मुलांचं काम तिथेच थांबतं.

एकेक फूल भिंतीला चिकटवू नका. आधी जाड तपकिरी कागदाचा रोल किंवा कापड ताणून लावा, सगळं त्यावर. उतरवताना आख्खी भिंत एकदम निघते. कागद लावताना भिंतीवर आधी मास्किंग टेप आणि त्यावर दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप, म्हणजे जोरकस गोंद रंगाला लागत नाही. दुतर्फी टेप थेट भिंतीवर लावली तर काढताना रंगाचे पोपडे निघतात. नुकत्याच रंगवलेल्या भिंतीला महिनाभर तरी काहीच लावू नका, रंग वरून वाळलेला वाटतो पण आतून पक्का व्हायला वेळ घेतो. चिकटमातीसारखं जे मिळतं त्याचे तेलकट डाग पडतात, कागदावरही आणि भिंतीवरही.

गम: लहानांना ग्लू स्टिक. पांढरा पातळ गम दिलात तर कागद भिजून आक्रसतो. तो द्यायचाच असेल तर बाटली देऊ नका, झाकणात थोडासा ओतून कापसाची काडी द्या.

घरची खळ उत्तम. एक वाटी मैद्याला चार वाट्या पाणी, गुठळ्या मोडून मंद आचेवर सतत ढवळत घट्ट आणि अर्धपारदर्शक होईपर्यंत शिजवायची. एक कळकळीची सूचना. पुस्तकबांधणीच्या खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. मुलांच्या खळीत ते अजिबात नको, विषारी असतं. थोडी थोडी ताजी खळ करा आणि उरलेली दोन दिवसांत टाकून द्या. गव्हाची ॲलर्जी असलेलं मूल वर्गात असेल तर मैद्याची खळ नकोच.

उंचीचं राहिलं. तीन वर्षांच्या मुलाची उंची साधारण ९५ सेंमी असते. मोठी माणसं नकळत आपल्या नजरेच्या उंचीला सजावट लावतात आणि मुलांना फक्त तळाचे देठ दिसतात. फुलं जमिनीपासून दोन ते साडेतीन फुटांत भरगच्च लावा, वर फांद्या विरळ जाऊ द्या. खालची फुलं मुलं रोज हाताळणार, काही निघणार. ती पुन्हा लावायची.

वनस्पतीवेडा:
मी शिक्षक नाही, वनस्पतिशास्त्र शिकलेला एक बाप आहे. मला एकच गोष्ट मांडायची आहे. कागद हातात देण्याआधी खरं फूल हातात द्या. एका फुलाला पाच मिनिटं.

मुलं मोजतात. चेरीच्या फुलाला ५ पाकळ्या, आणि प्रत्येकीच्या टोकाला छोटीशी खाच. ट्यूलिपला ६, त्यातल्या ३ बाहेर आणि ३ आत. डॅफोडिललाही ६, मध्ये कर्ण्यासारखी नळी. मोहरीला ४, अधिकच्या चिन्हासारख्या. डेझी किंवा सूर्यफूल तर सगळ्यात मजेशीर: ज्याला आपण एक फूल म्हणतो तो शेकडो फुलांचा गुच्छ असतो. कडेची प्रत्येक "पाकळी" हे स्वतंत्र फूल आणि मधल्या चकतीतला प्रत्येक ठिपकाही फूल. हे सांगितल्यावर माझ्या लेकीने कापसाच्या काडीने मधला पिवळा गोल ठिपक्यांनी भरायला घेतला आणि अर्धा तास उठली नाही. तिला "मध्ये ठिपके दे" एवढंच सांगितलं असतं तर दहा ठिपक्यांवर थांबली असती.

दुसरं म्हणजे झाडावर एका वेळी सगळ्या अवस्था असतात. घट्ट कळी, अर्धी उमललेली, पूर्ण फुललेली, मान टाकलेली, गळून खाली पडलेली. तुमच्या भिंतीवरही तशाच येऊ द्या. चुरगळून गोळा झालेला कागद ही कळी. लोंबणारं फूल हे जुनं झालेलं फूल. पाकळ्या सुटून पडल्या तर त्या झाडाखाली चिकटवा. मग कुठल्याच मुलाच्या फुलाला चुकलेलं म्हणावं लागत नाही.

फांद्यांवर पानं लावायची घाई करू नका. चेरी, पळस, काटेसावर यांना फुलं आधी येतात आणि पानं नंतर. आधी उघडी फांदी, मग फुलं, मग आठ-दहा दिवसांनी कोवळी पानं, असा क्रम ठेवलात तर भिंत रोज थोडी बदलत राहील.

खरी फुलं दाबून वाळवणार असाल तर पातळ पाकळ्यांची घ्या, शाई शोषणाऱ्या कागदात घालून वजनाखाली दोन-तीन आठवडे ठेवा. कण्हेर, धोतरा, डॅफोडिल मात्र लहान मुलांच्या हाती एकटी देऊ नका. ती पोटात गेली तर विषारी असतात.

जुईची_आई:
सगळं वाचलं, छान आहे. पण मला थोडा वेगळा सूर लावावासा वाटतो.

माझ्या मुलीच्या बोटांत ताकद कमी आहे. पाच वर्षांची आहे, कात्री अजून धरता येत नाही. एका वर्गात "सगळं मुलांनीच करायचं" असा आग्रह होता. बाकीची मुलं कापत होती आणि ही हातात कागद धरून बसून राहिली. त्या दिवशी ती घरी येऊन खूप रडली. दुसऱ्या एका ताईंनी तिला कापलेल्या पाकळ्या दिल्या आणि म्हणाल्या, "तुला हव्या तशा लाव." तिने सगळ्या पाकळ्या एकाच बाजूला लावल्या, वारा आल्यासारख्या. तिला इतका आनंद झाला! म्हणून कापलेल्या पाकळ्यांना सरसकट वाईट ठरवू नका अशी विनंती.

मधुमालती:
जुईची आई, तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं. मी "पूर्णपणे मुलांकडे" असं लिहिलं ते घाईचं होतं, ते मागे घेते.

तुमच्या दुसऱ्या ताईंनी जे केलं ते अगदी योग्य आहे. पाकळी कोणी कापली याने फारसा फरक पडत नाही. ती कुठे लावायची हे कोणी ठरवलं, याने पडतो. गेल्या वर्षी रानफूल यांच्याकडे नेमका तो निर्णय मुलांकडून काढून घेतला गेला होता.

ज्यांना कात्री जमत नाही त्यांच्यासाठी आणखी काही. कागदी रोलच्या नळकांड्याच्या एका टोकाला उभे काप देऊन ते बाहेर मोडायचे आणि रंगात बुडवून दाबायचे, किरणांचं फूल उमटतं. काप आपण द्यायचे, पकड जाड असल्याने मुठीत धरता येतं. शीतपेयाच्या प्लॅस्टिक बाटलीचा पाच उंचवट्यांचा तळ, त्याचा ठसा म्हणजे पाच पाकळ्यांचं फूल. बाटली दोन्ही हातांनी धरता येते. भेंडीचा ठसाही छान येतो, फक्त कापलेला तुकडा कागदावर ठेवून चिकटपणा थोडा सुकू द्या, नाहीतर रंग घसरतो. ठशांसाठी रंग वाटीत ओतू नका. ताटलीत ओला स्पंज ठेवून त्यावर रंग पसरा, म्हणजे ठशाच्या खाचा रंगाने बुजत नाहीत, रेघा स्पष्ट उमटतात.

जुईची_आई:
धन्यवाद. बाटलीचा ठसा आजच करून बघते.

शंखपुष्पी:
कॉफी फिल्टरची, म्हणजे कॉफी गाळायच्या कागदाची फुलं कोणी लिहिली नाहीत! माझ्या मते भिंतीसाठी सर्वांत सोपी आणि सर्वांत देखणी तीच.

पांढरा गोल फिल्टर ताटलीत पसरायचा, पाण्यात विरघळणाऱ्या स्केचपेनने हवं ते गिरगटायचं. मग ड्रॉपरने मध्यावर पाण्याचे थेंब टाकायचे, एकेक, थांबून. कागदाच्या तंतूंमधून पाणी बाहेर सरकतं आणि रंग सोबत ओढत नेतं. काळ्या पेनचं वर्तुळ काढून बघा, काळ्यातून निळा, जांभळा असे रंग सुटे होतात, कारण ती शाई अनेक रंग मिसळून केलेली असते आणि प्रत्येक रंग वेगळ्या वेगाने सरकतो. मुलं अक्षरशः श्वास रोखून बघतात. कायमस्वरूपी मार्कर चालत नाही, त्याची शाई पाण्यात विरघळत नाही. ड्रॉपर दाबणं-सोडणं हा बोटांचा व्यायामही आहे.

पूर्ण वाळल्यावर मध्यावर चिमूट धरून पिळायचं आणि दोऱ्याने बांधायचं, फूल तयार. घाई केली तर ओला कागद फाटतो, एक रात्र द्या.

पतंगी कागदाचीही करतो आम्ही. सहा ते आठ थर एकावर एक, पंख्यासारख्या घड्या, मध्ये दोरा, टोकं गोल किंवा टोकदार कापायची, मग एकेक थर वर उचलायचा. घड्या पाचच्या पुढच्यांनाच जमतात. थर उचलणं मात्र तीन वर्षांच्यांना द्या. हळूच करावं लागतं, आणि ती हळूच करतात. क्रेप कागद असेल तर सुरकुत्या उभ्या ठेवून पाकळी कापा. तो आडवाच ताणला जातो, त्यामुळे मध्ये अंगठ्याने दाबलं की पाकळीला वाटीसारखा खोलगट आकार येतो.

हे सगळे रंगीत पातळ कागद उन्हात फार लवकर फिके पडतात आणि ओले झाले की रंग सोडतात. खिडकीसमोरची भिंत असेल तर फुलांसाठी रंगवलेला कागदच बरा.

काळजीवाहू:
सुरक्षेचं थोडं. तीन वर्षांखालचं भावंडही वर्गात येत असेल तर मणी, बटणं, टिकल्या, चिकटवायचे खोटे डोळे असं काही नको. लहान भाग तपासायला जी नळी वापरतात तिचा व्यास ३१.७ मिमी असतो. तिच्यात जे पूर्ण मावेल ते घशात अडकू शकतं असं धरतात. भिंतीवर टाचण्या आणि स्टेपल नकोत, निघून खाली पडतात.

फुलांत छोटे दिवे लावायची कल्पना फार लोकांना सुचते. बटण सेलचे दिवे अजिबात लावू नका. गिळलेला बटण सेल दोन तासांत अन्ननलिकेला गंभीर भाजवतो. विजेच्या गरम होणाऱ्या बल्बजवळही कागद नको. गरम गोंदाची बंदूक मोठ्यांनीच आणि मुलं नसताना वापरायची.

ॲक्रिलिक रंग कपड्यांवर वाळला की निघत नाही, धुता येणारे पोस्टर कलर घ्या.

एकटाच_पिल्लू:
आमच्याकडे एकच मूल आहे, साडेतीन वर्षांचं, आणि भिंत भाड्याच्या घराची. एवढं सगळं एका मुलाकडून कसं होणार?

पुठ्ठा:
भिंत सोडा. खोलीच्या दाराच्या आतल्या बाजूला एक उभा कागद, त्यावर एकच फांदी. रोज एक फूल, महिन्याभरात फांदी भरते. किंवा मुलाच्या उंचीला आडवी सुतळी बांधून चिमट्यांनी फुलं अडकवा. चिमटा उघडणं त्याला स्वतःला जमेल, जागा तोच बदलेल. दार उघडता-मिटता कागद कडेला घासणार नाही एवढं बघा.

रानफूल:
तीन आठवड्यांनी परत येतेय. सगळ्यांचे प्रतिसाद छापून कपाटाच्या दाराला लावले होते. झालं ते सांगते.

गडद निळा कागद घेतला. एका शनिवारी मी आणि मैत्रिणीने चुरगळलेल्या तपकिरी कागदाच्या दोन मोठ्या फांद्या केल्या आणि तिथे थांबलो. पुढचं सगळं मुलांचं. एका वेळी चारच मुलं टेबलाशी बसवली, बाकीची खेळत. आधी सगळ्यांना एकत्र बसवायचे तेव्हा माझा अर्धा वेळ गम पुसण्यात जायचा, आता मला प्रत्येकाशी बोलता आलं.

पहिल्या दिवशी कागद रंगवले, पिवळा-केशरी-लाल. दुसऱ्या दिवशी खरी फुलं आणली. वनस्पतीवेडा, मुलांनी पाकळ्या मोजल्याच, पण त्यांना सगळ्यात आवडलं ते देठ. देठ ओला का आहे, देठाला केस का आहेत. म्हणून आमच्या भिंतीवर लोकरीचे केसाळ देठ खूप आहेत, फुलांपेक्षा जास्तच.

न जमलेलं सांगते. खळ जास्त पातळ झाली आणि पहिल्या दिवशीची अकरा फुलं सकाळी जमिनीवर होती. दोन मुलं रडायला लागली. मी पटकन ती परत लावायला वाकले, तेवढ्यात एक मुलगा म्हणाला, "गळाली." कळ्या आणि गळलेल्या फुलांबद्दल त्यांना आदल्या दिवशी सांगितलं होतं. मग चर्चा झाली आणि ठरलं की चार तिथेच झाडाखाली राहतील, बाकीची घट्ट खळीने वर जातील. कोणती चार हे ज्यांची होती त्यांनीच ठरवलं.

एका मुलाने सगळे रंग एकत्र करून पूर्ण तपकिरी फूल केलं. माझा हात शिवशिवला, खरंच. दुसरा कागद देऊ का असं विचारणारच होते. ते फूल आता मधल्या फांदीवर आहे. तो रोज येताना त्याला हात लावून जातो.

कात्री न धरणारी एक मुलगी आमच्याकडेही आहे. तिने बाटलीचे २७ ठसे काढले, स्वतः मोजले. जुईची आई, तुमच्यामुळे.

आणि गेल्या वर्षीची ती मुलगी आता पाच वर्षांची झाली आहे. तिला मी मुद्दाम काही विचारलं नाही. परवा तिचे बाबा घ्यायला आले तेव्हा तिने त्यांना हाताला धरून भिंतीपाशी नेलं. स्वतःचं फूल दाखवलंच, पण मग एकेक करत सगळी भिंत सांगत गेली. "हे तिचं, ती गम खूप लावते. हे त्याचं, त्याला लाल आवडतो. हे ताईने मोडलं होतं, मग आम्ही पट्टी लावली." बाबा बिचारे बूट घालून अर्धा तास उभे होते. मी कोपऱ्यात खेळणी आवरत ऐकत राहिले.

निळीशाई:
रानफूल, शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला. तपकिरी फुलाला जागेवर राहू दिलंत याबद्दल तुम्हाला नमस्कार.

शंखपुष्पी:
किती सुंदर! खळ पुढच्या वेळी चमच्याच्या मागच्या बाजूला चिकटून राहील इतकी घट्ट होऊ द्या. आणि पूर्ण थंड झाल्यावरच वापरा, गरम असताना ती पातळ असते, थंड झाल्यावर घट्ट होते.

रानफूल:
नोंद केली. एक शेवटचं विचारते. महिना होत आला, कडेचे कागद फिके पडायला लागलेत. उतरवायची वेळ झाली, पण मुलांना कसं सांगू?

वनस्पतीवेडा:
एकदम उतरवू नका. पाकळ्या गळाल्यावर त्याच जागी फळ धरतं. रोज थोडी फुलं ज्याची त्याने काढून घरी न्यायची आणि रिकाम्या जागी बोटाच्या ठशाने एक हिरवं फळ लावायचं. फांद्या आणि कागद तसेच राहू द्या.

रानफूल:
आज सुरुवात केली. पाच फुलं घरी गेली, पाच हिरवे ठसे उमटले. तपकिरी फुलाचा मालक म्हणाला, माझं अजून गळायचं आहे. ते ठेवलंय.